विकायला काढलेली दुनळी

बंदूक विकायची, हे मी बाबांच्या तेरवीच्या दिवशीच बोलून मोकळी झाले. पंगती उठल्या होत्या, मांडवाचे बांबू अजून उभे होते, आणि काका टॉवेलला हात पुसत माझ्याकडे आले. बाबांबद्दल एक शब्द नाही. आईनं दोन घास खाल्ले का, तेही नाही.

"बंदुकीचं पाहून घेऊ लवकर," ते म्हणाले. "माह्या नावानं अर्ज टाकतो. तू, तुहा भाऊ अन् तुही माय, तिघांनी सही करून द्या, आमची काही हरकत नाई म्हणून. स्टॅम्प पेपर मी आणतो."

"सही होणार नाही, काका. आम्ही ती विकून राह्यलो."

मांडवात पान लावत बसलेल्या माणसांच्या माना एकदम वळल्या. काका हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पाह्यलं का वहिनी? पत्रकं वाटू वाटू पोट्टीच्या तोंडाले धार आली."

आई भांडी गोळा करत होती. ती ताटं एकात एक घालत राहिली. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

पत्रकांचं काकांनी खरं सांगितलं. मी संघटनेचं काम करते. बाभुळगाव तालुक्यातल्या गावांत, कोलामांच्या वस्त्यांवर म्हणजे पोडांवर फिरते. रानडुकरानं खाल्लेल्या पिकाची भरपाई, वनहक्काचे पट्टे, हातपंपाचं पाणी, जे अडलेलं असेल त्याचं पत्रक लिहिते, छापते, वाटते. गावात मला आंदोलनवाली म्हणतात. लग्न जमवणारे आमच्या दारावरून सायकल न थांबवता जातात. मला चालतं.

आता बंदुकीबद्दल सांगते, कारण ज्यांनी ती फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांना वाटेल आमच्या घरात काही तरी मर्दुमकी नांदत होती. तसलं काही नव्हतं. आमचं वावर जंगलाला लागून आहे. जंगल सरकारचं, जंगलातलं डुक्कर सरकारचं, रोही सरकारचा, आणि त्यांनी खाल्लेलं सोयाबीन तेवढं आमचं. यावर सरकारला उपाय सुचला तो हा की शेतकऱ्यानं स्वतःच बंदूक घ्यावी आणि स्वतःच जागावं. आजोबांना पीक संरक्षणाचा परवाना मिळाला आणि त्यांनी बारा बोरची दुनळी आणली. मग कधी तरी कायदा आला की डुकराला गोळी घालायची तर आधी वन विभागाकडे अर्ज करा. म्हणजे डुकरानं रांगेत उभं राहून वाट पाहायची! तेव्हापासून आमची बंदूक म्हणजे नुसता आवाज. बाबा हवेत बार करायचे आणि डुकरं पळायची.

पण डुक्कर बाराला भिऊन हवेत विरत नाही. ते कुठं तरी जातं. आमच्या वावराचा उतार नाल्याकडे आहे, आणि नाल्यापलीकडे कोलाम पोडावरच्या एका बाईचं शेत, आम्ही तिला मावशी म्हणतो. दोन तुकडे जमीन, तीही वनहक्कात मिळालेली. पोडावर कोणालाही बंदुकीचा परवाना मिळाला नाही. मागितला असता तरी दिला नसता. परवान्यासाठी पाटलाची शिफारस लागायची, आणि पाटील आमच्याच भावकीतला. तर आमच्या बंदुकीचं काम एवढंच होतं: आमच्या वावरातलं डुक्कर मावशीच्या वावरात पाठवायचं. पीक संरक्षण म्हणतात ते हेच. ज्याच्याकडे बंदूक त्याचं पीक संरक्षित.

बाबांना हे कळत होतं. म्हणून त्यांची एक रीत होती. बार करण्याआधी ते नाल्याच्या दिशेला तोंड करून मोठ्यानं हाळी द्यायचे, "बार करतो होऽऽ! सांभाळा होऽऽ!" पलीकडून मावशी डबा बडवून उत्तर द्यायची. तिचा डबा सुरू झाला की मगच बाबा घोडा दाबायचे. मागून बार, पुढून डबा, अशा कात्रीत सापडलेली डुकरं नाल्याच्या पात्रातून सरळ जंगलाकडे वळायची. दोघांचं पीक वाचायचं. आई बाबांच्या शेजारी बॅटरी धरून उभी असायची, कारण बंदूक धरायची तर दोन्ही हात लागतात आणि उजेड कोणी तरी दाखवायलाच हवा. बंदुकीवाल्याचं नाव गावभर होतं. बॅटरीवालीचं नाव कोणी घेत नाही.

हाळी दिल्यावर डुकरं सावध होतात, लांब सरकतात, आणि बार निव्वळ आवाजापुरता उरतो. काकांना हे पटत नव्हतं. त्यांना डुक्कर हाकलायचं नव्हतं, मारायचं होतं. खायला.

मी यवतमाळला होस्टेलवर होते त्या वर्षी बाबांना टायफॉइड झाला. काकांनी खुंटीवरची बंदूक काढली. परवाना बाबांचा, म्हणजे दुसऱ्यानं हात लावणं हाच गुन्हा. पण घरातल्या घरात कोण विचारतं? दिवेलागणीची वेळ होती. आई बॅटरी घेऊन सोबत गेली. कळप सोयाबीनमध्ये होता. आई म्हणाली, "भाऊजी, हाळी द्या." काका म्हणाले, "हाळी देऊन शिकार होते काय कुठं?" आणि दोन्ही नळ्या एकदम झाडल्या. डुक्कर मेलं नाहीच. कळप उधळला आणि नाला ओलांडून मावशीच्या अंगावर गेला. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बैलासाठी गवत कापत होती. तिला डबा वाजवायची वेळच मिळाली नाही. डुकराच्या सुळ्यानं तिची पोटरी उभी फाडली.

इथंपर्यंत दोष काकांचा. पुढचा आमच्या घराचा.

वन्यप्राण्यानं माणूस जखमी केला तर भरपाई मिळते. पण पंचनामा होतो, आणि पंचनाम्यात विचारतात, डुक्कर कशानं बिथरलं? बार कोणी केला? मग परवाना जातो, बंदूक जाते, काका आत जातात. तापानं फणफणलेले बाबा खाटेवर उठून बसले आणि त्यांनी मावशीच्या नवऱ्याला निरोप धाडला: विळ्यावर पडली म्हणून सांगा. दवाखान्याचं आम्ही पाहतो. तालुक्याच्या दवाखान्यात तेच लिहिलं गेलं. विळ्यावर पडून जखम. बाबांनी औषधपाणी केलं, गाडी केली, पुढे दर दिवाळीला एक पोतं ज्वारी पाठवली. मावशीचा पाय कायमचा आखडला. ती आता एका अंगावर झुकून चालते.

बाबा चांगले माणूस होते. गावात सगळे म्हणतात, मीही म्हणते. चांगल्या माणसानंच हे केलं, म्हणून माझा संताप जास्त होतो. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसानं पाठवलेल्या ज्वारीच्या पोत्याशी कसं भांडायचं?

तर अशी ती दुनळी. बाबा गेल्यावर नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. आता एक तर वारसांपैकी कोणी परवाना घ्यायचा, नाही तर परवानगी काढून विकायची. वारस आम्ही तिघं: आई, मी, आणि पुण्यात नोकरीला असलेला दादा. आम्ही हरकत नाही म्हटलं तर काकांना परवाना मागता येणार होता. माझं म्हणणं साफ होतं. ज्या माणसानं हाळी दिली नाही त्याच्या हातात ही बंदूक पुन्हा जाणार नाही.

दादाला फोन केला.

"विकून टाक ना," तो म्हणाला. "मला इथं गाडी लावायला जागा नाही, बंदूक कुठं लावू?"

"काका मागून राह्यले."

"मग काकाला दे."

"दादा, मावशीचा पाय विसरला का तू?"

मग म्हणे, "तू मला पत्रक वाचून दाखवू नकोस. कुठं सही करायची ते पाठव." पुण्याला गेलेल्या माणसाला गावातलं सगळं दोन मिनिटांत कळतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला बंदुकीची पूजा असते. पाटावर आडवी ठेवायची, हळदीकुंकू, झेंडूचा हार, नळीवर आपट्याचं पान. यंदा बंदूक ठाण्यात. काका सकाळीच ताट घेऊन ठाण्यात गेले. तिथला हवालदार म्हणे, मालखान्यात नारळ फोडता येत नाही. तर हा माणूस गप्प बसेल? सरळ काकूंना घेऊन आमच्या घरी आले.

"वहिनी, कव्हर कुठं आहे?"

बंदुकीचं खाकी कव्हर खुंटीला लटकलेलं होतं, रिकामं. काकांनी ते पाटावर ठेवलं तर ते मेलेल्या सापासारखं पसरलं. मग अंगणातल्या सरपणातून कापसाच्या पऱ्हाटीची लांब काडी ओढून आणली आणि कव्हरात खुपसली. आता ते ताठ झालं. त्यावर हार घातला, कुंकू लावलं, मोबाइलनं फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: घराण्याची शान.

मला हसू आवरेना. काकू डोळे वटारून म्हणाल्या, "हसू नये असं. देवाचं काम आहे."

"काकू, पऱ्हाटीच्या काडीची पूजा चालू आहे."

"तू शिकली म्हनून काहीही बोलशीन काय?"

"काडीले तरी काहून नाव ठेवता?" आई चुलीजवळून म्हणाली. "तिच्यापासून कोणाले काही झालं नाई."

आई असं बोलते, वर्षातून एखादं वाक्य, आणि मग जणू बोललीच नाही अशी भाकरी थापायला लागते.

तेवढ्यात मावशी सोनं द्यायला आली. दर दसऱ्याला येते. झुकत झुकत अंगणातून चालत आली, ओट्याच्या कडेला टेकली. घरात ती कधी आली नाही, आम्ही कधी बोलावली नाही. ही आमच्या घराची दुसरी शान. तिनं आपट्याची पानं आईच्या हातावर ठेवली आणि दारातून आत पाहिलं.

"बंदूक आली काय बाई सुटून?"

"येईन, येईन," काकाच बोलले. "माह्या नावानं येईन आता. मग पाह्य कशी डुकरं पळवतो."

मावशी त्यांच्याकडे पाहत राहिली. साडी नीट करायच्या निमित्तानं तिनं आपला पाय झाकून घेतला. आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

"नाई येनार," आई म्हणाली. "विकून राह्यलो आम्ही. पोरगी म्हनते तसंच करू."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "वहिनी, माह्या बापानं आणलेली बंदूक आहे ती! परक्याच्या घरात जाईन? लोकं थुंकतीन तोंडावर. अन् डुकरं घुसली वावरात, तवा कोनाकडे पाहान?"

"झटका मशीन लावू. तार ओढू सगळ्या धुऱ्यानं."

"तारेनं घराची वळख राह्यते काय?"

"भाऊजी," आई म्हणाली, "घराची वळख माह्या तोंडून कायले वदवून घेता सनासुदीचं?"

काका ताट तिथंच टाकून निघून गेले. हार घातलेली काडी दिवसभर पाटावर पडून राहिली. संध्याकाळी आईनं कव्हर झटकून पुन्हा खुंटीला लावलं आणि काडी चुलीत घातली.

मी जिंकले असं मला वाटलं. संघटनेतल्या एका सोबत्याला सांगितलं, तर तो म्हणाला की बंदुकीचा प्रश्न वैयक्तिक आहे, त्यात ताकद घालवू नये. मी म्हटलं, तुझ्या धुऱ्याला लागून बंदूक नाही, म्हणून तुला ती वैयक्तिक वाटते.

यवतमाळात बंदुकीच्या दुकानात गेले. अंधारं, लांबट दुकान. काचेत दोन एअरगन, भिंतीला धूळ बसलेली हरणाची शिंगं. मालक म्हातारे चाचा, चष्मा कपाळावर.

"बेचना है ना?" मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अरे बेटा, आता घेते कोन? सब बेचनेच आते. किसीका बाप गया, किसीका दादा. पोट्टे शहरात, त्यांना पाह्यजे मोबाइल." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "पण एक सांग. घरातलं कोनी रडनार तर नाई ना? मागं एका बाईनं विकली अन् दुसऱ्या दिवशी तिचा देवर येऊन मेरेच दुकान के सामने बैठ गया. म्हने, आमची लक्ष्मी परत द्या. बंदूक को लक्ष्मी बोला!"

"आमच्याकडे एक काका आहेत."

"काका तो सबकेच रहते," चाचा म्हणाले. कलेक्टर ऑफिसातून परवानगीचं पत्र आणायला सांगितलं. म्हणाले, त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करतात, पण ते नावापुरतं. दोन प्रश्न, एक चहा.

अर्ज टाकला. तिघांच्या सह्या. दादाची सही कुरिअरनं आली.

मग मी मावशीकडे गेले. ही बातमी आपण स्वतः द्यायची, असं मनात होतं. ती तुरीत निंदण करत होती. दुपारची शिदोरी सोडायची वेळ, पळसाखाली बसलो. तिनं मला भाकरीचा तुकडा दिला, वर मिरचीचा ठेचा.

"मावशी, बंदूक विकून राह्यलो. अर्ज गेला. आता तुझ्याकडे कोणी डुक्कर हाकलणार नाही."

"बरं."

"बरं काय? तुला बरं नाही वाटलं?"

"मले काय वाटायचं ताई? तुमची वस्तू. ठेवा नाई तर विका." ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "तुहा बाप हाळी देत होता. त्याची हाळी आली का मी उठत होती. तो गेला तवा मी रडली. पण बंदूक गेली का मंग सपलं."

"काय संपलं?"

"मी विळ्यावर पडली, तेच खरं राह्यते मंग. बंदूक घरात होती तवर तुह्या काकाले माह्याकडे पाहता येत नव्हतं. खाली पाहे. आता बंदूकच नाई, तर डुक्कर बी नाई, बार बी नाई. विळा तेवढा राह्यला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू गावोगाव कागद वाटते. अमक्याले भरपाई द्या, तमक्याले न्याय द्या. माह्या पायाचा कागद काई छापला नाई बा तू."

मला तिचा राग आला. खरंच आला. ज्या बाईसाठी मी काकांशी, दादाशी, घराशी भांडून बसले, तिनं मला हे ऐकवावं? मी चप्पल घालून तडक निघाले. नाला चढून आमच्या वावरात आले तोवर राग उरला होता, पण तिच्यावरचा नव्हता. तिनं एक गोष्ट मला सरळ सांगितली होती. आम्ही विकायला काढलेली वस्तू हा तिच्या पायाचा एकमेव पुरावा होता, आणि तो परवानगी घेऊन, शिक्का मारून, कायदेशीर विकत होतो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती गहू निवडत होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बॅटरी माह्याच हातात होती. बार केल्यावर डुकरं कुठं गेली ते मीच पाह्यलं. तिच्यावर उजेड पडला तवा ती उभी होती, मंग दिसली नाई."

"मग इतकी वर्षं—"

"तुह्या बापानं शपथ घातलती." तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "तो गेला. शपथ कोनासाठी पाळू आता?"

मी पुन्हा मावशीकडे गेले, या वेळी विचारायला. म्हटलं, खरं सांगितलं तर बंदूक विकली जाणार नाही. काका अडकतील. तुझ्याही घरी पोलीस येतील, पूर्वी खोटं काहून सांगितलं म्हणतील. तिनं तंबाखू मळली, तोंडात टाकली. "लिहा," म्हणाली. "माह्या नावानं लिहा."

मी रीतसर निवेदन लिहिलं. लिहायला बसले की माझा हात आपोआप पत्रकाकडे वळतो: सरंजामी मानसिकता, वंचितांचा आवाज, दडपशाही. आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कोनाबद्दल आहे?" तिनं विचारलं.

मी ते फाडून टाकलं.

हवालदार एका सकाळी आला. तोच, नारळ न फोडू देणारा. अंगणात खुर्ची टाकली. काका बोलावल्यासारखे हजर झाले. त्यांना अजून आशा होती की आई शेवटच्या घडीला फिरेल. त्यांनीच काकूंना चहा टाकायला सांगितलं, आमच्या घरात. हवालदारानं मांडीवर पॅड ठेवून नाव, वय, नातं लिहिलं.

"बंदूक राजीखुशीनं विकता?"

"हाव," आई म्हणाली.

"कोणाचा दबाव?"

"नाई."

"या हत्यारानं पूर्वी काही गुन्हा, अपघात वगैरे?" विचारता विचारताच त्याचं पेन 'नाही' लिहायला टेकलं होतं.

"हाव," आई म्हणाली. "झाला."

पेन थांबलं. काका म्हणाले, "वहिनी, साहेबांनी काय विचारलं ते समजलं नाई तुम्हाले."

"समजलं." आई डोक्यावरचा पदर सारखा करून हवालदाराकडे वळली. "आमचे हे तापानं पडले होते. भाऊजींनी बंदूक नेली. मी बॅटरी धरली होती. या भाऊजींनी हाळी न देता बार केला, डुकरं पलीकडे गेली, अन् एका बाईचा पाय फाडला. ती विळ्यावर पडली नाई. ते आम्ही सांगाले लावलं."

काका उठून उभे राहिले. "डोकं फिरलं काय हिचं? पोट्टीनं शिकवलं साहेब, ही आंदोलनवाली—"

"मले कोनी शिकवलं नाई. मी तिथं होती."

हवालदार घाम पुसत होता. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त दुसऱ्या गावी जायचं होतं. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे लिहिलं तर विक्री थांबते. अन् मेलेल्या मानसाचं नाव येते याच्यात. घरधन्याचं. लिहू काय? का राहू देऊ?"

आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "मेलेल्याचं येते, मंग? जितीचा पाय गेला, तवा कोनी विचारलं काय, लिहू का राहू देऊ? लिहा! त्यांचं लिहा, यांचं लिहा, अन् बॅटरी धरनारीचंबी लिहा. मी बी गप राह्यली."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. आईनं सही केली. काकूंनी आणलेला चहा कपात तसाच राहिला. काका जाताना फाटकाजवळ थांबून म्हणाले, "भावाले मातीत घालून वर धोंडा ठेवला तुम्ही." ते आईला लागलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारापाशी उभी राहिले. इतकी पत्रकं लिहून एक वाक्य सुचेना.

त्याला आता काही महिने झाले. बंदूक पुढील आदेशापर्यंत ठाण्यात. ती आम्हाला विकता येत नाही, ठेवता येत नाही. दादा फोनवर ओरडला, "सरळ विकली जात होती, तुम्हाला काय गरज होती?" काकांनी सामाईक विहिरीवरची आमची पाळी बंद केली; हरभऱ्याला पाणी द्यायला आई आणि मी नाल्यातून इंजिन लावतो. त्यांची चौकशी चालू आहे म्हणतात. चौकशी चालू असलेली माणसं आमच्या तालुक्यात बरीच आहेत, सगळी मजेत आहेत. चक्कीवर बायका आईला विचारतात, नवऱ्याचं नाव काहून खराब केलं? आई म्हणते, दळण झालं काय पाह्य माहं.

आणि मी मावशीला घेऊन वन विभागाच्या कार्यालयात जाते. पहिल्या खेपेला बाबूनं मावशीच्या नावानं नव्यानं लिहिलेला अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"घटना जुनी आहे. मुदत गेली. तेव्हा काहून नाही आलात?"

मी तोंड उघडलं, पण मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"तवा मी विळ्यावर पडलती साहेब," ती म्हणाली. "आता डुकरानं मारलं."

बाबूला ते कळलं नाही. मग माझ्याकडून सगळं ऐकल्यावर कळलं, आणि तो म्हणाला, हे साहेबांना विचारावं लागेल. आजच्या खेपेला साहेब बैठकीला गेले आहेत. मागच्या खेपेला दौऱ्यावर होते. मी म्हटलं, आम्ही थांबतो. तो म्हणाला, आज येणार नाहीत. मी म्हटलं, तरी थांबतो. मावशी बाकावर पाय लांब करून बसली आहे, साडी वर सरकवून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो पाय ओलांडूनच जावं लागेल अशी.